आल्दोन्साची हाडं

"थांबू नका गं, चात्या फिरत्या ठेवा. ऐकायला कान लागतात, हात नाही." हिमेनो आजोबांनी शेगडी पायाशी ओढली आणि सूत कातणाऱ्या पोरींना सांगू लागले.

गास्पार माझा शेजारी. गावची थडगी खणायचं काम त्याचं. सन पंधराशे सत्त्याऐंशी, फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. दुपारी त्याला हुकूम आला की सासूचं, आल्दोन्साचं थडगं उघडून ठेव, सकाळी कारकून येतोय. म्हातारीला जाऊन नऊ वर्षं झालेली. पण धर्मन्यायालयाला आत्ता कुठे उमगलं, की ती डुकराचं मांस टाळायची नि शुक्रवारी धुतलेली चादर अंथरायची. म्हणजे चोरून यहुदी! मेल्यावर खटला, मेल्यावर शिक्षा. हाडं शहरात नेऊन जाळायची. जगाच्या शेवटच्या दिवशी देव मेलेल्यांना उठवेल, तेव्हा जळालेल्या माणसाने उठायचं तरी कशातून?

त्याची बायको मेन्सिया रडत म्हणाली, "अहो, माझ्या आईला जाळू देऊ नका. तुमच्याच हातात आहे."

होतंच त्याच्या हातात. नियमच तसा होता. हाडं इतर ख्रिस्ती हाडांत मिसळलेली असली, ओळखू येत नसली, तर जाळायची नाहीत.

म्हणून गास्पारने रात्रीच सासूला उकरलं. देवळामागच्या हाडघरात जुन्या हाडांचा ढीग, त्यात तिला पार मिसळून टाकली. कवटीसकट. घाम पुसून दाराशी आला.

मागे खुडखुड वाजलं.

उंदीर असेल म्हणून त्याने कंदील वर धरला...

ढीग भिंतीला सरकला होता. मधे मोकळी फरशी. फरशीवर आल्दोन्सा. एकटी.

त्याने पुन्हा मिसळलं. पाठ फिरवली... खुडखुड.

"सासूबाई, का छळता हो? तुमच्यासाठीच करतोय ना!"

...

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. बोटं सोलवटली. मग उजाडलं.

कारकून हसत आत आला. "वा! वेगळी काढूनच ठेवलीस की. हीच ना रे?"

गास्पारने सोललेली बोटं पाठीमागे लपवली. कारकुनाने एक कवटी आणि बाकीची हाडं पोत्यात भरली, पोतं शिवलं, वर लाखेची मोहोर लावली.

घराच्या दारात मेन्सिया उभी. "काय सांगितलंत?"

"काहीच नाही."

"म्हणजे सगळंच सांगितलंत," ती म्हणाली आणि आत गेली.

पोतं न्यायला गास्पार आणि मी. वाटेत क्षणभरही नजरेआड केलं नाही. शहरात सरणापाशी मोहोर तोडली, पोतं उपडं केलं.

कवट्या दोन.

मोठा पाद्री पुढे आला. "हिची कुठली?"

गास्पारने दोन्ही हातांत घेऊन पाहिल्या. "ओळखू येत नाही, महाराज. देवाशपथ!" आणि खरंच येत नव्हतं. नियम तिथे सगळ्यांना ठाऊक होता. माझा जीव कसा भांड्यात पडला म्हणून सांगू!

पाद्री सरणाकडे वळला. मग म्हणाला, "दोन्ही टाका."

आम्ही दोघं बघत उभे राहिलो. दुसरं काय करणार?

चात्या केव्हाच थांबल्या होत्या. थोरलीने हळूच विचारलं, "आजोबा, दुसरी कुणाची होती?"

"गावच्या पाद्रीबाबांना हाडघरातल्या कवट्यांचा आकडा पाठ होता. गावात परतल्यावर घरीसुद्धा न जाता गास्पार, मी आणि ते, अशा तिघांनी मोजल्या. दोनदा मोजल्या."

"मग?"

"एकही कमी नव्हती."