बारा व्होल्ट

कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो म्हटलं की भास्कर आधी पॉवर सप्लायवर संशय घ्यायचा, आणि दहातल्या आठ वेळा तो खरा ठरायचा. देवासात वीस वर्षं हेच काम. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. त्यामुळे धारहून उमाबाईंचा फोन आला की शंभर किलोमीटर बसने जायला तो कुरकुरत नसे. उलट बरंच वाटे.

उमाबाईही एकट्या. यजमान मानसिंगराव होळीनंतर गेले. मुलगा राजवीर कॅनडात. दर रविवारी संध्याकाळी वडिलांच्या कॉम्प्युटरवर आईशी बोलायचा. मोबाइलवर त्यांना चेहरा धड दिसत नसे. आठवडाभर बाई त्या अर्ध्या तासावर जगत, आणि आता कॉम्प्युटर दोन मिनिटं टिकत नव्हता.

"दिक्कत सप्लायचीच आहे, काकू," म्हणून भास्करने पहिल्या खेपेला नवा सप्लाय बसवला. दोन तास मशीन उत्तम चाललं. तो बस स्टँडवर पोचतो न पोचतो तोच फोन: बंद पडलं. दुसऱ्या खेपेला भिंतीतला सॉकेट बदलला. तिसऱ्या खेपेला कॉम्प्युटरचा डबाच उचलून देवासला नेला. तिथे चार दिवस अखंड चालला. धारला आणून बसवला, भास्कर निघाला, की बंद.

"तुम्ही असलात की चालतो हो," उमाबाई ओशाळून म्हणाल्या.

"मला घाबरतो वाटतं," तो हसला. पण हसू काही खरं नव्हतं.

चौथी खेप रविवारची. मशीन दोन तास चालवून पाहिलं. मग त्याने व्होल्टमीटरची टोकं सप्लायच्या पिवळ्या आणि काळ्या, म्हणजे बारा व्होल्टच्या, वायरीत खोचून ठेवली, "येतो, काकू" म्हणाला आणि अर्धा जिना उतरून थांबला. वरून सप्लायच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. ती थांबली.

तो धावत वर गेला. स्क्रीन काळा. पंखा निश्चल. मीटरवर मात्र १२.०३.

त्याने प्लग ओढून काढला. आकडा तसाच.

मीटर बिघडला असेल म्हणून त्याने बॅगेतला सेल लावून पाहिला. दीड व्होल्ट. मीटर चोख होता. सप्लायच्या पत्र्याला हात लावला. दोन तास चाललेल्या सप्लायचा पत्रा माठासारखा गार होता.

उमाबाई दारात उभ्या होत्या.

"भास्करराव, हे गेल्यावर नवव्या दिवशी तुम्ही आला होतात. राजवीरला कॉम्प्युटरमधून यांचे कागद काढून द्यायला. आठवतं?"

"हो."

"जाताना फोटोला नमस्कार केलात आणि 'येतो' म्हणालात."

भास्करला काही कळेना. हिंदी शाळेत शिकलेला माणूस. रीतभात सगळी बायको पाहायची.

"सुतकाच्या घरातून 'येतो' म्हणायचं नसतं, न बोलता उठून जायचं असतं. मी तेव्हा बोलले नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुम्ही प्रत्येक खेपेला तेच म्हणता. आणि हे शब्दाचे फार पक्के. दुसऱ्याचाही शब्द धरून बसायचे."

"काकू, पॉवर सप्लायला सुतक कळत नाही."

"नसेल कळत. पण सहा वाजता राजवीरचा फोन येईल. दोन महिने मी त्याला नीट पाहिलेलं नाही. माझ्यासाठी एवढं करा. आज काही न बोलता जा."

त्याने प्लग लावला. मशीन सुरू झालं. त्याने बॅग भरली, मान लववली आणि ओठ मिटून बाहेर आला. उमाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. तो चपला घालू लागला. आत घरघर चालू होती.

सहा वाजले. आत कॉम्प्युटरवर राजवीरच्या फोनची घंटा सुरू झाली. उमाबाईंचा चेहरा उजळला, त्या वळल्या.

"या," आतून कुणीतरी म्हणालं.

आवाज पुरुषाचा, शांत. निघालेल्या माणसाला घरातून म्हणतात तसा. मानसिंगरावांचा आवाज भास्करला चांगला ओळखीचा होता.

उमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

भास्कर एक पायरी उतरला. रोज आपल्या घराला कुलूप लावताना तो बंद दाराला 'येतो' म्हणायचा. तीन वर्षांत कुणी उत्तर दिलं नव्हतं.

नको, नको, असं त्या बाईंचे डोळे सांगत होते. त्याला ते दिसत होतं.

"येतो," तो म्हणाला.

आत वाजणारी घंटा अर्ध्यावरच थांबली.