कोंबडी ओरडेपर्यंत

त्या वर्षीची थंडी तुम्ही पाहिली नाहीत, म्हणून तुमचा विश्वास बसायचा नाही. आरशासमोर उभं राहिलं की आपल्याआधी आरशातला माणूस कुडकुडायचा. सकाळी गल्लीत दोघंजण बोलत उभे राहिले, तर त्यांच्या तोंडच्या वाफेत तिसरा वाट चुकायचा. मी मुळीच वाढवून सांगत नाही. वाढवायची गरजच नव्हती, थंडी आपली आपणच वाढत होती.

अशाच एका सकाळी एक उंच, शिडशिडीत तरुण खांद्याला पिशवी लावून डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरला. खुर्च्या आणि कोचांच्या गाद्या शिवायचा त्याचा धंदा. दिवसभर हातात दाभण, आणि अंगकाठीही तशीच, त्यामुळे सगळे त्याला दाभणच म्हणायचे. दवाखान्यातल्या बाकाची गादी उसवली होती, तिच्यासाठी डॉक्टरांनी त्याला बोलावलं होतं. पण डॉक्टर आत पेशंट तपासत होते. बाहेर होती... ती.

"या, या! पहिलेच तुम्ही!" ती इतक्या आनंदाने म्हणाली की दाभणाने मागे वळून पाहिलं, आणखी कोणी आलंय का ते. "बसा ना. बाही वर करा."

कोणाही शहाण्या माणसाने सांगितलं असतं की बाई, मी बाकासाठी आलोय. पण दाभणाने तिच्याकडे पाहिलं. कपाळावर एक चुकार बट, डोळ्यांत हसू, थंडीने लाल झालेला नाकाचा शेंडा... आणि त्याने मुकाट्याने बाही वर केली. तिने कापसाचा गार बोळा त्याच्या दंडावर फिरवला. त्याच्या कानांत कुठूनतरी घंटा वाजायला लागल्या.

मग तिने सुई उचलली.

पुढचं सगळ्या गल्लीने पाहिलं. दाभण असा सुटला, असा सुटला, की तो घरी पोचला आणि त्याच्या चपला मागाहून सावकाश आल्या.

"अरे, सुईवर तुझं पोट," आत्या दम लागेपर्यंत हसली. तिने याला लहानाचा मोठा केला होता, त्यामुळे हसायचा पहिला हक्क तिचा. "आणि सुई बघून पळालास?"

"ती सुई गादीत जाते, आत्या. ही माणसात जाते."

"आणि टोचणारी कशी होती रे?"

दाभणाचे कान लाल झाले.

"हं," आत्या म्हणाली. त्या एका 'हं'मध्ये तिने लग्नाचा मांडवसुद्धा घालून टाकला.

संध्याकाळी डॉक्टरांनी ती उसवलेली गादी घरीच पाठवून दिली. दाभणाने ती एका बैठकीत शिवली, कामात हयगय करायचा त्याचा स्वभावच नाही. शिवून झाल्यावर मात्र कपाळावर हात मारला. दवाखान्यात जायला असलेलं एकुलतं एक कारण त्याने स्वतःच्या हाताने, दुहेरी टाके घालून, बंद करून टाकलं होतं!

इथे कामाला आली ती डॉक्टरांची ऋतुवार्ता.

ही ऋतुवार्ता म्हणजे डॉक्टरांचा जीव की प्राण. ऋतू पालटला की पेशंटांसाठी एक कागद छापून ते घरोघर वाटायचे. लोक तो बरणीच्या झाकणाखाली लावायचे, टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घालायचे. वाचायचं तेवढं कोणी मनावर घेत नसे. मागच्या हिवाळ्यात फ्लूची लस आणली ती निम्मी उरली, म्हणून डॉक्टर उन्हाळाभर रुसले होते. यंदा त्यांनी लस टोचायला खास हंगामापुरती एक नर्स ठेवली होती.

गादी परत गेल्यावर चार दिवसांनी दाभणाने आत्याच्या लोणच्याच्या बरणीवरून कागद ओढून काढला आणि पहिल्यांदाच वाचला. 'साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नये, विश्रांती घ्यावी, पाणी भरपूर प्यावे. खोकताना तोंड कोपरात धरावे. नेहमीची औषधे संपण्याआधी सांगावे. म्हाताऱ्या माणसांनी, मधुमेह व दमा असलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी फ्लूची लस जरूर घ्यावी. लस घेतल्यावर पाव तास दवाखान्यातच बसावे. सोबत घरचे माणूस असल्यास उत्तम.'

शेवटचं वाक्य त्याने पुन्हा वाचलं. मग उभं राहून वाचलं.

"आत्या, ऊठ! तुला दमा आहे!"

"तो कधीचाच आहे."

"पण आज फार आहे!"

ती दोघं दवाखान्यात शिरली तेव्हा सिस्टर टेबल आवरत होती. सगळा दवाखाना तिला सिस्टर म्हणायचा. दाभणाची जीभ मात्र त्या शब्दापाशी आली की टाळ्याला चिकटून बसायची.

"अरे वा," ती म्हणाली, "चपला घालून आलात?"

"आज... धावायचं नाहीये."

"बघू. टोचायचं कोणाला?"

"यांना. मी फक्त सोबत. घरचं माणूस. कागदावर लिहिलंय."

"तुम्ही तो कागद वाचलात?" तिचे डोळे मोठे झाले. "डॉक्टरांना सांगू नका, आनंदाने चक्कर येईल त्यांना."

आत्याला लस टोचली. मग सिस्टरने कप्प्यातून एक पिवळी पत्र्याची कोंबडी काढली. तिची मान जितकी पिळावी तितका वेळ ती टिकटिक करत बसायची आणि वेळ भरली की कर्रर्र करून ओरडायची. दवाखान्याचा नियम असा, की कोंबडी ओरडेपर्यंत बाकावरून कोणीही उठायचं नाही.

ती टिकटिक ऐकत दाभण बाकाच्या टोकाला बसला. पाव तास! एवढ्या वेळात माणूस अख्ख्या कोचाची एक बाजू शिवतो. त्याला एक वाक्य शिवता येईना.

"गादी छान झालीय," शेवटी तीच म्हणाली. "इतकी मऊ, की पेशंट बरे झाले तरी उठत नाहीत."

"स्प्रिंगा नव्या घातल्यात."

"तरीच. मला वाटलं, हल्ली लोकांना मी आवडायला लागले."

"ते तर..." दाभण म्हणाला. "म्हणजे... स्प्रिंगा काय, त्या दुय्यम."

ती खाली मान घालून कापूस मोजायला लागली, जणू कापूस मोजायची वस्तू आहे. आत्या भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे अशी एकटक बघत होती, जणू ती तिच्या ओळखीची माणसं आहेत. आणि कर्रर्र! कोंबडी ओरडली. दाभणाला वाटलं, आत्ताच तर बसलो होतो...

पण आत्या एकच आणि लस वर्षातून एकदाच. मग दाभणाने गल्ली धुंडाळायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी तो घरमालकांना घेऊन आला, त्यांना मधुमेह होता. तिसऱ्या दिवशी निवृत्त पोस्टमन आजोबा. मग शिंपीणकाकू, मग हेडमास्तर, मग हेडमास्तरांच्या सासूबाई. त्या तर भांडणातसुद्धा कोणाला हार जात नसत, पण दाभण त्यांना ऋतुवार्ता तोंडपाठ म्हणून दाखवायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "चल बाबा, टोचून घेते एकदाची, पण तोंड बंद कर!" गल्लीतून नुसता खोकत जाणारा माणूसही सुरक्षित राहिला नाही. एकदा याने सायकलवरून चाललेल्या एका म्हाताऱ्यांना सायकलसकट आत आणलं. तपासायला निघालेले डॉक्टर घंटीच्या आवाजाने दचकून परत आत गेले.

"हे तुमचे कोण?" सिस्टरने विचारलं.

"घरचेच."

"नाव काय यांचं?"

दाभणाने म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी दाभणाकडे पाहिलं.

"लांबचे आहेत," दाभण म्हणाला.

ती इतकी हसली की तिला सुई खाली ठेवावी लागली. "तुमचं घर केवढं आहे हो?"

"आहे लहानसंच. पण... जागा आहे एकाची."

मग तिने वळून कोंबडीची मान पिळली, जरा जास्तच वेळ.

पोस्टमन आजोबा तेवढे कुरकुरायचे. "या पोराबरोबर आलं की पाव तास फार लांबतो बुवा. माझी नात परवा एकटी येऊन टोचून गेली, ती केव्हाच घरी!" पण म्हाताऱ्या माणसांची कुरकुर कोण ऐकतो? दाभणाला तर तो पाव तास डोळ्याची पापणी लवण्याइतका वाटायचा.

इकडे डॉक्टर हवेत होते. "लोक वाचतात, सिस्टर! माझ्या लेखणीत ताकद आहे!"

"हो डॉक्टर," ती म्हणायची, आणि दाभणाकडे बघून गालातल्या गालात हसायची.

आणि मग एक दिवस दाभण गल्लीच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याला अर्ध्या दाढीवरून उठवून ओढत घेऊन आला, तर दवाखान्याच्या दारावर डॉक्टरांच्या हाताने लिहिलेली पाटी: 'लस संपली. सर्व पेशंटांचे अभिनंदन!'

न्हावी हुश्श करत परत गेला. दाभण आत आला. टेबल रिकामं, आणि टेबलाजवळ तिची भरलेली पिशवी.

"हे काय?"

"माझं काम संपलं ना," ती म्हणाली. आवाज हसरा ठेवायचा तिने फार प्रयत्न केला. "मला लशीपुरतंच ठेवलं होतं. डॉक्टरांना वाटलं होतं, थंडी सरेपर्यंत पुरेल. पण तुम्ही... सगळी गल्ली आणलीत."

दाभण मटकन बाकावर बसला. ज्या मऊ गादीवर तिच्यासाठी एकेक माणूस आणून बसवला, त्यातल्या प्रत्येकाबरोबर त्याने तिला दाराकडे एकेक पाऊल ढकललं होतं! सासूबाईंच्या वेळी तर केवढी मिरवणूक काढली होती त्याने...

"कुठे जाणार?"

"नदीपलीकडच्या दवाखान्यात. तिकडे अजून लस उरलीय म्हणे. आज दुपारच्या गाडीने."

"आज!"

"आज." तिने पिशवीचा बंद ओढला, पुन्हा सोडला. "पण जायच्या आधी एक काम राहिलंय. तुमच्या घरात दमा आहे. घरच्यांनीही लस घ्यावी, असं कागदावर लिहिलंय. तुम्हाला तर पाठ आहे."

"पण लस संपली ना?"

ती फ्रिजपाशी गेली आणि अगदी मागच्या कोपऱ्यातून एक कुपी घेऊन आली. "ही पहिल्या दिवशीच बाजूला ठेवली होती. एक पेशंट बाही वर करून पळाला होता... त्याची."

दार उघडं होतं, चपला पायात होत्या, आणि पायांना पळायची सवय होती. पण आज पळाला असता तर चपलाही लाजेने मागे आल्या नसत्या. त्याने बाही वर केली. डोळे मिटले. मग उघडले, आणि सुईऐवजी तिच्या कपाळावरच्या त्या चुकार बटेकडे बघत राहिला.

"टोचताय केव्हा?" त्याने विचारलं.

"टोचली."

"म्हणजे... झालं?"

"झालं. आता पाव तास."

तिने कोंबडी काढली, तेवढ्यात आत्या धापा टाकत दारात आली. लस संपल्याचं न्हाव्याकडून ऐकून ती धावतच आली होती.

"थांब गं पोरी!" तिने दम खाल्ला. "त्या कोंबडीबद्दल मला बोलायचंय. न्हाव्याची आई तिच्या सुनेबरोबर आली, पाव तासात सुटली. मी या गाढवाबरोबर आले, तर घरी भात करपून कोळसा झाला! घरमालक, पोस्टमन, सासूबाई, सगळ्यांची तीच तक्रार. हा असला की ही कोंबडी मुकी का होते?"

सिस्टरचं तोंड तिच्या नाकाच्या शेंड्याइतकं लाल झालं.

"ती... जुनी आहे," ती पुटपुटली.

"कोंबडी जुनी आहे, मीही जुनी आहे. मला शिकवू नकोस," आत्या म्हणाली, आणि जाऊन फुप्फुसांच्या चित्राकडे तोंड करून उभी राहिली.

बाहेर कोणीतरी शिंकलं, तेही कोपरात.

"मी त्या लोकांना लशीसाठी आणत नव्हतो," दाभण म्हणाला.

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांना लस हवीच होती. आणि मला..."

"तुम्हाला?"

"मला पाव तास हवा होता," ती म्हणाली. "म्हणून जरा जास्त पिळायचे."

दाभणाला उभं राहायचं होतं, पण नियम होता. तो जागीच सरकला आणि त्याने शेजारची जागा हाताने साफ केली. ती आली. बसली. दोघांच्या मध्ये टिकटिक न करणारी कोंबडी.

"नदीपलीकडे," त्याने घसा साफ केला, "बसायचे बाक कसे आहेत?"

"ऐकलंय, फार वाईट. सगळे उसवलेले."

"ते काम एका बैठकीत व्हायचं नाही."

"घाई नाही," ती हळूच म्हणाली. "दुहेरी टाके नकोत हं मात्र."

"पण एक विचारायचंय. सगळे बाक शिवून झाले की... लहानशा घरात जागा आहे एकाची, मागे म्हणालो होतो. येशील?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. तिने कोंबडी उचलली आणि तिची मान पिळायला सुरुवात केली. पिळली, पिळली, तो बघतच राहिला, आत्यानेही चित्र सोडून वळून पाहिलं, आणि ती पिळतच राहिली.

आतून डॉक्टरांनी डोकं बाहेर काढलं. "झाला का पाव तास?"

"नाही अजून!" तिघंही एकदम ओरडले.

त्या दुपारची गाडी रिकामीच गेली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीत दोघं होती, एक पिशवी तिची, एक दाभणाची. पुढे हिवाळे आले, गेले. आत्याच्या घरात आता एकाऐवजी दोघांची कटकट असते, असं आत्या अगदी खुशीत सांगते. आणि ती पिवळी कोंबडी दवाखान्यातल्या फळीवर बसलेली आहे. त्या दिवशी तिची मान इतकी पिळली गेली, की ती अजून टिकटिकतेच आहे. एकदाही ओरडलेली नाही.

खोटं वाटत असेल तर स्वतः जाऊन ऐका. मात्र बाकावर बसू नका, उठवत नाही.