बाहीवरचा डाग

"राजाभाऊ, ताबडतोब निघा. जालिंदरनं एका म्हाताऱ्याला गाडीखाली घेतलंय."

अल रुवैसच्या पोलीस चौकीवरून गुरुप्रसाद फोनवर होता. आखातातल्या मेसईदच्या खत कारखान्यातल्या अमोनिया प्लांटचा मॅनेजर. राजाभाऊ त्याच कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर. कारखान्यात कुठेही अपघात झाला की तो का झाला, हे शोधणं त्यांचं काम. बायको-मुलं नाशिकला, त्यामुळे शुक्रवारी कपडे धुण्याचं कामही त्यांचंच. बादलीतले भिजवलेले कपडे तसेच टाकून ते निघाले.

अल रुवैसच्या पलीकडे समुद्राला लागून कोळ्यांचं एक ओस गाव आहे. पडक्या दगडी भिंती, मोडका बुरूज, खारफुटी आणि ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल. हिवाळ्यात दोह्याचे, मेसईदचे लोक तिथे सहलीला येतात. खेकडे पकडतात, बुरुजावर चढून फोटो काढतात आणि मागे खरकटं नि रिकाम्या बाटल्या टाकून जातात. राजाभाऊंना या सहलींची आधीपासूनच शिसारी होती. ऐंशी सालच्या डिसेंबरातल्या त्या दिवशी ती आणखी वाढणार होती.

गावातल्या अरुंद बोळात कारखान्याची व्हॅन भिंतीला नाक लावून उभी होती. पोलिसांनी तिला हात लावला नव्हता. हवालदार दिलावर मूळचा बलुची, उर्दू बोलणारा. त्यानं राजाभाऊंना जागा दाखवली.

"बूढा मन्सूर यहीं बैठकर जाल बुनता था. टांग गयी, पसलियां टूटीं. दोहा भेजा है. होश नहीं है."

"खून कितना बहा?"

"बाहर एक कतरा नहीं. सारी मार अंदर की है."

"और मर गया तो?"

दिलावरनं जीपकडे नुसतं पाहिलं. जीपमध्ये व्हॅनचा ड्रायव्हर जालिंदर बसला होता. अनवाणी, गुडघे पोटाशी घेतलेले.

राजाभाऊंनी व्हॅनचं दार उघडलं. डॅशबोर्डवर खंडोबाची छोटी तसबीर. स्टिअरिंगवर ओल्या भंडाऱ्याचे पट्टे ओढलेले, पण वरच्या बाजूला पार फासटलेले. ड्रायव्हरची सीट त्यांनी हातानं चाचपली. कोरडी होती. पायाखालच्या रबरावर मात्र काळ्या चिखलाचा बुटाचा ठसा होता आणि त्याला कुजक्या खेकड्यांची घाण येत होती. नाकाला रुमाल लावून ते जीपकडे आले.

"जालिंदर, खरं सांग. गाडी तू चालवत होतास?"

"न्हाई वं सायेब, खंडेरायाची आन! आज चंपाषष्ठी. सकाळी मेसईदात सायेबांनी घाई केली, पूजा ऱ्हायली. म्हून हितं आल्यावर, तिकडं मोकळ्यावर गाडी लावली, चाकाम्होरं नारळ फोडला, स्टेरिंगाला भंडारा लावला. त्याच्यामागं गाडीला हातच न्हाई लावला."

"मग?"

"भरीत-भाकर खाल्ली. म्हाताऱ्यालाबी दिली. त्यानं मला च्या पाजला. लई गोड मानूस. मंग भिताडाच्या सावलीला झोपलो. आरडाओरडा झाला तवा जागा झालो, तर गाडी हितं आन म्हातारा आडवा."

"किल्ली?"

"गाडीतच ऱ्हायली. तेवढी माझी चूक."

"आणि चपला?"

"झोपलो तितंच आसतील. देवाम्होरं चपला घालून म्या कवा गाडीत बसलो का, सायेब?"

बसला नव्हता. सहा वर्षं राजाभाऊ हे पाहत होते. भिंतीच्या सावलीत चपला होत्या, शेजारी भाकरीचं फडकं होतं. पण पोलिसांना हा पुरावा कसा पटवायचा? बूट घालायला काय, कुणीही घालेल. म्हातारा गेला तर जालिंदर इथल्या तुरुंगात सडणार होता, आणि पुरंदर तालुक्यात त्याची बायको केसरबाई रस्त्याकडे डोळे लावून बसणार होती.

सहलीतली बाकीची तिघं बुरुजापाशी सतरंजीवर होती. गुरुप्रसादच्या पायात बूट, अंगात पांढरा शर्ट. त्याची बायको मालविका टोपली आवरत होती. गुरुप्रसादच्या हाताखालचा इंजिनिअर प्रताप दोघांपासून जरा दूर उभा होता.

"तुम्ही काय पाहिलंत?" राजाभाऊंनी गुरुप्रसादला विचारलं.

"सगळंच! मी बुरुजावर फोटो काढत होतो. गाडी भरधाव आली. चालवत जालिंदरच होता. मी धावत खाली आलो, म्हाताऱ्याला उचलून बाजूला घेतलं. हे बघा, रक्त!" त्यानं उजवी बाही पुढे केली. मनगटापाशी मोठा तांबडा डाग होता. "साबणानं धुतलं तरी जात नाही. त्या दारुड्याला आता सोडू नका."

दारूचा वास राजाभाऊंना त्याच्याच तोंडाला येत होता.

"प्रताप, तू कुठे होतास?"

"खेकडे पकडत होतो. छातीइतक्या पाण्यात. ओरडा ऐकून तसाच आलो. बाकी मी काहीच पाहिलं नाही, सर." त्याची पँट अजून ओली होती आणि शर्टावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. बोलताना तो गुरुप्रसादकडे पाहत होता.

"आणि वहिनी, तुम्ही?"

"मी वाचत पडले होते. गाडीतलं मला काही कळत नाही, मला सायकलसुद्धा येत नाही. फ्रान्समधल्या खेड्यात करतात तशी पिकनिक होती आमची. प्लांटवरच्या फ्रेंच इंजिनिअरची बायको सांगत होती, तिकडे म्हणे अशीच पायी भटकंती करायची आणि झाडाखाली बसून जेवायचं. ब्रेड, चीज, द्राक्षं आणि यांची ती बाटली. हळद नाही की मसाला नाही. बोटं पिवळी होत नाहीत."

"जालिंदरला काय दिलंत?"

"त्याचं त्यानं आणलं होतं ना ते भरीत! मी त्याला लांब बसायला सांगितलं. किती वास येतो त्याला."

राजाभाऊंनी टोपलीत डोकावून पाहिलं. सरबतासाठी कापलेलं अर्धं लिंबू उरलं होतं. ते त्यांनी उचललं आणि दिलावरला हाक मारली.

"गुरुप्रसाद, बाही पुढे करा."

"कशाला?"

"रक्ताचा डाग आहे ना? मग घाबरता कशाला?"

त्यांनी लिंबू पिळलं. रस डागावर पडला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तांबडा डाग पिवळाधमक झाला.

दिलावर पुढे वाकला. "या अल्ला! ये क्या है?"

"हल्दी," राजाभाऊ म्हणाले. मग प्रत्येक वाक्य आधी हिंदीत दिलावरला आणि मग मराठीत त्या तिघांना ऐकवत ते बोलू लागले.

"हळदीला साबण लागला की ती लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी. स्वतःचे कपडे स्वतः धुणाऱ्याला हे कळतं. अमोनियाच्या मॅनेजरला कळलं नाही, कारण यांनी आयुष्यात रुमालसुद्धा धुतला नाही. धुतल्यावर डाग लाल दिसला, तेव्हा यांना वाटलं, बरं झालं, रक्त म्हणून खपेल. पण मन्सूरच्या अंगातून रक्ताचा थेंब बाहेर आला नाही. मग हे रक्त कुणाचं?

"यांच्या जेवणात हळद नव्हती, हे वहिनींनीच सांगितलं. इथे हळद दोनच ठिकाणी होती. एक जालिंदरच्या डब्यात, ज्याच्या जवळ यापैकी कुणी फिरकलं नाही. दुसरी स्टिअरिंगवरच्या भंडाऱ्यात. तो भंडारा गाडी थांबल्यावर लावला होता. तो फासटला, म्हणजे त्यानंतर कुणीतरी गाडी चालवली. जालिंदर चपला काढून बसतो, आणि पायाखाली बुटाचा ठसा आहे. प्रताप छातीपर्यंत भिजला होता, पण सीट कोरडी आहे. वहिनींना चालवता येत नाही. राहिलं कोण? बाटली संपवून पडक्या गावातून गाडी पळवायची हौस कुणाला आली होती, गुरुप्रसाद?"

गुरुप्रसादचा चेहरा पडला, पण आवाज नाही पडला. "राजाभाऊ, जरा प्रॅक्टिकल व्हा. मी आत गेलो तर प्लांट कोण बघणार? ड्रायव्हर काय, दुसरा मिळतो. त्याच्या घरी आम्ही दर महिन्याला काहीतरी पाठवलं असतं."

खारफुटीचा तो चिखल परवडला, असं राजाभाऊंना वाटलं. म्हातारा दगडांवर कण्हत पडला असताना हा माणूस आधी बाही धूत होता.

"साबण कुणी दिला?" त्यांनी विचारलं.

मालविका टोपलीचं झाकण लावत होती.

"वहिनी, हळदीच्या डागाला साबण लावल्यावर काय होतं, हे तुम्हाला नक्की माहीत होतं."

"हे म्हणाले रक्त आहे," ती खाली बघत म्हणाली. "मग मी कशाला बोलू?"

प्रताप तोंड फिरवून समुद्राकडे पाहू लागला. त्यालाही काय काय माहीत होतं, हे विचारायची राजाभाऊंना इच्छा उरली नाही. दिलावरनं जीपचं दार उघडलं. जालिंदर खाली उतरला, गुरुप्रसाद आत बसला.

मालविकानं घाईघाईनं उरलेला ब्रेड कागदात गुंडाळला आणि जालिंदरपुढे धरला. "दमला असशील. हे खाऊन घे. झालं गेलं, खलास. आता राजाभाऊंच्या गाडीतून आम्हाला मेसईदला सोड."

जालिंदरनं ब्रेडकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं चपला पायात घातल्या.

"सायेब, मला दोह्याच्या दवाखान्यात सोडता का? म्हाताऱ्याचा ल्योक बोटीवर गेलाय. शुद्धीवर आला तर वळखीचं कुनी पायजे त्याच्याजवळ."

"चल," राजाभाऊ म्हणाले. त्यांनी त्याच्यासाठी पुढचं दार उघडलं.

"आणि आम्ही?" मालविकानं विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना वहिनी, फ्रान्समधल्या खेड्यात लोक पायी भटकतात? रुवैसपर्यंत चालत जा. पुढे टॅक्सी मिळेल."

बोळाबाहेर पडेपर्यंत त्या चिखलाचा वास गाडीत येत होता. राजाभाऊंनी काच वर केली.