मागच्या खुर्चीतला हात

हरवलेल्या मेंढीची गोष्ट रंगात आली होती आणि फलकावरची कापडी मेंढी नेमकी घसरून त्याच्या बुटापाशी पडली.

"सापडली बरं का तुमची!" दारातून तो म्हणाला. जॅकेटवरून पाणी निथळत होतं.

मुलं खिदळली. ट्विला लाजून हसली.

तो रसेल. छोट्या जूनीचा मामा, तिला न्यायला आलेला. ओहायोतल्या त्या सरकारी शाळेत दर मंगळवारी शाळा सुटली की ट्विला मुलांचा बायबल क्लब घ्यायची. गाणी, गोष्ट, बिस्किटं. पुढच्या मंगळवारी रसेल लवकर आला. त्याच्या पुढच्या तर इतक्या लवकर, की खुर्च्याही त्यानेच मांडल्या.

"तुम्हाला काही कामधंदा नाही का हो?"

"आहे ना. पण तिथं बिस्किटं मिळत नाहीत."

"बिस्किटं बायबलमधलं वचन पाठ करणाऱ्यांनाच!"

"मग घ्या की माझं पाठांतर..." त्याने सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि, अगं बाई, तिलाच ओळ आठवेना.

हिवाळाभर हेच चाललं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. मग एकदा तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता तो म्हणून गेला, "खोटं कशाला बोलू? माझा देवावर विश्वास नाही, ट्विला. गोष्टी आवडतात. आणि... सांगणारी."

घरी जाऊन ती ढसाढसा रडली. विश्वास नसलेल्याशी लग्न करायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. तिचं स्वतःचं मनच तसं म्हणत होतं, आणि तेच मेलं त्याच्याकडेही धावत होतं.

"तू हवा आहेस मला," तिने त्याला सांगून टाकलं. "पण मी प्रार्थनेला बसायचं आणि तू भिंतीकडे बघत थांबायचं... नाही रे जमणार."

तरी तो येत राहिला. क्लबचा शेवटचा मंगळवार उजाडला. नेहमीच्या रिवाजाने ट्विला म्हणाली, "माना खाली, डोळे मिटा. कुणी कुणाकडे बघायचं नाही. ज्यांना येशूला मनात बोलवायचंय, त्यांनी हात वर करा." डोळे उघडे ठेवायचे ते फक्त तिने.

दोन चिमुकले हात वर गेले. आणि मागे, इवल्याशा खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या रसेलचा!

प्रार्थना कशीबशी संपली, त्या दोन मुलांशी बोलणं झालं, मुलं बाहेर पळाली.

"हात वर करणाऱ्याला मी एकच विचारते," ती त्याच्यासमोर येऊन म्हणाली. "कुणाला बोलावलंस?"

तो कापडी मेंढी बोटांत फिरवत राहिला. नुसतं 'येशूला' म्हणाला असता तरी तिने मानलं असतं. मानायला ती आसुसली होती.

"तुला," तो म्हणाला. "खरंच प्रयत्न केला गं. डोळे मिटले, तर तिथं तूच. खोटं बोलायचं ठरवून आलो होतो... पण तुझ्याशी नाही बोलवत."

"एकदाच खोटं बोलला असतास ना रे..." ती पुटपुटली, आणि आपण काय बोललो हे कळून तिने तोंडावर हात ठेवला.

त्याने खुर्च्या एकावर एक रचल्या. मेंढी फलकावर नीट चिकटवली.

"मामा, चल ना!" बाहेरून जूनी ओरडली.

"येतो," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्यालाच ठाऊक. दार लागलं.

रिकाम्या खोलीत ट्विलाने मान खाली घातली, हात जोडले, डोळे मिटले. किती वेळ ती देवाला हाका मारत होती. तिथंही रसेलच होता.