बोटीवरचं तिसरं अंथरूण

ही गोष्ट खरी आहे. रचलेली असती, तर मी तिच्यात स्वतःला जरा बरे दिवस दाखवले असते.

वेळ दुपारची होती, जेवणानंतरची. भुताखेतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी क्रूझवर एकदा बिनखिडकीची खोली घेऊन पाहावी. दिवा मालवला की भर दुपारी स्वतःचा हात दिसत नाही. आमचं जहाज आदल्या संध्याकाळी निघालं होतं. चारी बाजूंना पाणी. मध्येच उतरून जायची सोय नाही. ही सोय संसारातही नसते, त्यामुळे तेवढ्याने मी घाबरणारी नव्हते.

आधी घरचं सांगते, नाहीतर त्या दुपारी जो आवाज ऐकला त्याचा अर्थ लागणार नाही.

माझ्या सासूबाई कित्येक वर्षं मागच्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या. मी तेव्हा कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. कुणीतरी घरी थांबायला हवं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. ‘कुणीतरी’ हे आमच्या घरात माझंच नाव आहे.

सासूबाईंनी खाटेच्या कठड्याला नाडीने एक चमचा बांधून घेतला होता. शेजारी स्टीलचा पेला. काही हवं असलं की चमचा पेल्यावर...

टण... टण टण.

पहिला टण हाक मारायचा. पुढचे दोन टोमणे मारायचे.

मी म्हणायचे, ‘आले, आई.’ मग पाय खाटेखाली चपला शोधायचे. मग डोळे उघडायचे. सगळं याच क्रमाने. आत जाऊन विचारायचं, काय हवंय? कधी पाणी, कधी पांघरूण, कधी काहीच नाही, नुसतं मी येते का ते बघायचं असायचं.

आणि आमचे हे? ह्यांची झोप गाढ. सकाळी चहा घेताना म्हणायचे, ‘रात्री उठली होतीस का? मला ऐकूच आलं नाही गं.’

हे कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर आहेत. चालू यंत्राशेजारी डोळे मिटून उभे राहतात आणि नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग जायला आलंय ते सांगतात. लांबलांबून बोलावणी येतात. असा कान आमच्या घराण्यात दुसरा नाही, असं सासूबाईच कौतुकाने सांगायच्या. घरी येताना तो कान बहुधा कारखान्याच्या फाटकावर जमा करावा लागत असणार.

सासूबाई गेल्या. पेला आणि चमचा मी माझ्या हाताने भंगारात दिला. नाडीसकट. मागच्या खोलीत माझं जुनं टेबल मांडलं. पुन्हा शिकवण्या सुरू करायचा विचार होता.

आणि मग एके दिवशी हे म्हणाले, क्रूझला जायचंय, सगळं ठरलेलं आहे.

लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नव्हतो. मी एक टोपी घेतली. रुंद काठाची. ती घातली की कुणाला काही भरवायला वाकताच येत नाही, अशी. मुद्दाम बघून घेतली.

मनाशी एकच ठरवलं होतं. या सहलीत कुणी काहीही मागू दे, मी उठणार नाही.

बाकी समुद्र वगैरे असेल तर ठीक, नसेल तर नसू दे.

जहाज म्हणजे आडवी पडलेली सोसायटी होती. लांबच लांब बोळ, सगळी दारं एकसारखी. लोक जेवणाकडे असे पळत होते, जणू बोट बुडणारच आहे आणि त्याआधी वाढून घ्यायचंय. आम्ही दोनदा रस्ता चुकलो. हे आवाजावर चालत होते. ‘इंजिन डाव्या हाताला ठेवायचं,’ म्हणाले. तसं करून आम्ही धुलाईच्या खोलीत पोचलो. मी हसले. हेही हसले. बऱ्याच वर्षांनी आम्ही एकाच गोष्टीला हसलो.

मग खोली सापडली.

दारासमोर बोळात एक चाकांची खुर्ची उभी होती...

शेजाऱ्यांची असेल, म्हटलं.

आत दोन पलंग. आणि छतालगतच्या भिंतीतून खाली ओढलेलं तिसरं अंथरूण. चादर घातलेलं, उशी ठेवलेली, टेकायला लहानशी शिडी. तिन्ही अंथरुणांवर टॉवेलाचा एकेक हंस घडी करून बसवलेला.

खोल्या आवरणाऱ्या माणसाला मी बोलावलं. त्या हंसांमुळे त्याचं नाव मी टॉवेलवाला ठेवलं होतं. त्याला म्हटलं, आम्ही दोघंच आहोत, तुमची काहीतरी गफलत झालीय. तो अदबीने म्हणाला, गफलत नाही, या खोलीत तिघं आहेत. आणि मोठ्या बाई दिसत नाहीत त्या? खुर्ची त्यांच्यासाठीच आणून ठेवलीय.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे हंसाकडे बघत होते.

‘अगं, बुकिंग केलं तेव्हा आई होती ना,’ हे म्हणाले. ‘नंतर नाव काढायचं राहून गेलं.’

मी विचारलं, ज्या बाईला कूस बदलता येत नव्हती, तिला वर कसं चढवणार होता?

‘वर तू. आई आणि मी खाली. तिला तुझ्याशिवाय करमत नाही, म्हणून म्हटलं तिचंही होऊन जाईल.’

हे अगदी सरळपणाने सांगितलं. ह्यांच्या सरळपणाचं मला नेहमीच आश्चर्य वाटत आलंय.

म्हणजे ही सहल नव्हतीच. बदली होती. तीच नोकरी, नवीन जागा, समुद्राची हवा.

मी टॉवेलवाल्याला वरचं अंथरूण मिटवायला सांगितलं. त्याने ते भिंतीत ढकलून खिट्टी लावली. मी स्वतः ओढून पाहिली.

दुसऱ्या दिवशी जेवून आलो...

अंथरूण खाली होतं.

टॉवेलवाला बोळात कपडे मोजत होता. शपथेवर म्हणाला, मी हात लावलेला नाही. मी तरीही त्याच्यावरच ढकललं. तर्कशास्त्रात याला काय म्हणतात ते मी मुलांना शिकवलेलं आहे.

दिवा मालवला. मी माझ्या पलंगावर, हे त्यांच्या. काळोख असा की डोळे मिटले काय आणि उघडे ठेवले काय. हे पडल्या पडल्या मला एकेक आवाज ओळखून दाखवत होते. हा हवेचा पंखा. ही पाण्याची नळी. हे खालचं मोठं इंजिन, उत्तम ठेवलंय पोरांनी. मग ह्यांचा आवाज थांबला. मलाही डोळा लागला.

आणि...

टण... टण टण.

‘आले, आई,’ मी म्हणाले.

पाय खाली गेले. चपला शोधू लागले. एक सापडली, त्यात पाय सरकवला, आणि मग मला आठवलं की मी कुठे आहे. आणि सासूबाई कुठे नाहीत.

मी तशीच बसून राहिले. एका पायात चप्पल.

पाण्याची नळी असेल, म्हटलं. ह्यांनीच आत्ता सांगितली ना.

टण... टण टण.

वरून. त्या तिसऱ्या अंथरुणावरून.

मी ओ दिली होती. तेच चुकलं. सवयीने दिली, झोपेत दिली, पण दिली. आता घरात माणूस आहे हे पलीकडच्याला कळलं होतं.

मी हळूच पाय वर घेतले आणि आडवी झाले. उठायचं नाही. काहीही झालं तरी उठायचं नाही.

ह्यांचा श्वास ऐकू येत होता. एकसारखा, संथ. नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं... झोपलेल्या माणसाचा श्वास इतका नीटनेटका नसतो.

वर चादर सळसळली.

मग आवाज बदलला.

टण टण.

फक्त दोन. पहिला नाहीच.

काळोखातून हे हळू आवाजात म्हणाले, ‘अगं, पाणी मागतेय.’

मग मी विचारलं, ‘कशावरून?’

‘नुसते दोन वाजवले की पाणी. आधी एक आणि मग दोन, म्हणजे पांघरूण. तुला माहीत नाही?’

मला माहीत नव्हतं.

इतकी वर्षं मी प्रत्येक वेळी धावत जाऊन विचारत होते. चमचा दोनदा वाजला काय आणि तीनदा काय, मी मोजायला थांबलेच नाही. वाजवण्यातला फरक कळायला उठून चालत नाही. पडून राहावं लागतं. जागं राहून, कान देऊन, चमचा कसा वाजला आणि त्यानंतर बायकोने काय नेलं, हे रोज ताडून बघावं लागतं. वर्षानुवर्षं. मगच अर्थ लागतो.

ह्यांना सगळं ऐकू येत होतं.

एकूण एक.

खरं सांगते, त्या क्षणी मला सासूबाईंची भीती वाटेनाशी झाली. वर कोण आहे ते मला माहीत होतं. शेजारच्या पलंगावर कोण आहे, ते मात्र माहीत नव्हतं.

टण टण.

‘बघ ना जरा,’ हे म्हणाले. ‘तिला काय हवंय ते.’

‘तुम्हाला माहीत आहे काय हवंय,’ मी म्हणाले. ‘तुम्ही द्या.’

कुणीच हललं नाही. वर, खाली, कुठेच. तिघं होतो आणि तिघंही वाट बघत होतो.

मग ह्यांचा पलंग करकरला. चाचपडत गेल्याचा आवाज. पाणी ओतल्याचा. शिडीची पायरी वाजली.

मग काही नाही.

मग...

घोट. मध्ये दम घ्यायला थांबणं. पुन्हा घोट. तो दम मी ओळखते. मान हाताने उचलून धरल्याशिवाय त्यांना पाणी गिळता यायचं नाही.

मी दिवा लावला.

हे शिडीवरून उतरत होते. हातात रिकामा ग्लास. वर कुणी नव्हतं. चादरीवर एक सुरकुती नव्हती. उशीला मात्र मधोमध खळगा होता.

‘प्यायली,’ हे म्हणाले.

ग्लास ठेवायला ते माझ्या जवळ आले, तेव्हा त्यांच्या हाताला वास येत होता. सांधेदुखीच्या मलमाचा. ते मलम रोज मी चोळायचे. ह्यांनी ती डबी आयुष्यात कधी उघडलेली नव्हती.

संध्याकाळी हे व्यवस्थित जेवले. मला विचारलं, तू का जेवत नाहीस, बोट लागली का? मी हो म्हटलं. बोट लागली म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही.

पुढचे दिवस चमचा वाजला नाही. वरचं अंथरूण मिटवा, असं मात्र आम्ही दोघांनीही टॉवेलवाल्याला सांगितलं नाही. तो रोज वर एक हंस ठेवत होता. रोज संध्याकाळी हंसाची घडी मोडलेली असे.

उतरायच्या दिवशी गर्दी होती. माझी टोपी कुठेतरी राहिली. धक्क्याकडे जाणाऱ्या उतारावर मागे वळून पाहिलं, तर जहाजावरचा एक धिप्पाड माणूस ती चाकांची खुर्ची घेऊन आमच्या मागे येत होता. रिकामी खुर्ची...

पण तो मागे रेलून, दोन्ही हातांनी ती थोपवून धरत होता. भरलेली गाडी उतारावर आवरावी तशी. कपाळावर घाम.

‘सावकाश हं,’ हे त्याला म्हणाले.

या गोष्टीला आता काही महिने झाले. मागच्या खोलीतून आवाज येतो. रोज नाही, अधूनमधून. पेला भंगारात गेला, चमचा गेला, खाट गेली. तिथे फक्त माझं टेबल आहे, आणि मी काही तिथे बसत नाही. हे घरी असले की मुकाट्याने उठून आत जातात. थोड्या वेळाने येतात. हाताला वास असतो. आम्ही त्यावर बोलत नाही. मी मनात म्हणायचे, चला, निदान पाळी तरी बदलली.

काल दुपारी हे कारखान्यात होते. मी घरात एकटीच पडले होते.

टण... टण टण.

पांघरूण. आता मलाही कळतं.

मी हलले नाही.

टण... टण टण.

मी कूस बदलली आणि उशी कानावर घेतली. ऐकू आलं नाही असं म्हणायला मीही शिकू शकते. आमच्या घरात त्याचे उत्तम शिक्षक आहेत.

तेव्हा मागच्या खोलीतून आवाज आला...

ह्यांचा.

‘अगं, बघ ना जरा. तिला काय हवंय ते.’

मी फोन उचलला आणि ह्यांना लावला. पलीकडे यंत्रांची घरघर चालू होती. कुठे आहात, असं विचारलं. कुठे म्हणजे, कामावर, असं उत्तर आलं.

मग हे जरा थांबले. तो कान त्यांनी आज फाटकावर ठेवला नसावा.

‘वाजतंय का?’

मी हो म्हटलं.

‘मग बघ ना जरा,’ हे म्हणाले. ‘तिला काय हवंय ते.’

तेच शब्द त्याच क्षणी दोन ठिकाणांहून आले. एकदा कानात, एकदा दाराआडून.

मी फोन ठेवला. पडून राहिले. उठले नाही, ओ दिली नाही. एवढं मी खात्रीने सांगू शकते.

पाय मात्र केव्हाच खाली गेले होते. खाटेखाली चपला शोधत होते...

एक सापडली होती.