मॅडमचा निष्कर्ष

"शेळी उडत नाही, मॅडम. मी रोज शेळ्या धरतो, म्हणून सांगतो."

खर्डा-जामखेड एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसानं माझ्या मांडीवरच्या उत्तरपत्रिकेत डोकावून हे ऐकवलं आणि मला रागच आला. जामखेडच्या कॉलेजात मी अकरावीला तर्कशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर का असेना, शिकवते.

"सर्व शेळ्या उडतात. चंपी शेळी आहे. म्हणून चंपी उडते," मी वाचून दाखवलं. "युक्तिवाद वैध आहे. आधीची विधानं खरी मानली, तर निष्कर्ष टाळता येत नाही. ती खरोखर खरी आहेत का, हा प्रश्न वेगळा."

"म्हणजे खोट्यावर उभं राहूनही बरोबर बोलता येतं?"

"नीट बोलता येतं... बरोबर नाही."

तो हसला. त्याचं नाव पार्थ. मूळचा अकोले तालुक्यातला, जामखेडला गुरांचा डॉक्टर, आणि आत्या खर्ड्यात म्हणून मुक्काम तिच्याकडं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी खिडकीजवळच्या सीटवर त्याचा निळा रुमाल टाकलेला असायचा. मी धावतपळत चढायची, तो रुमाल उचलायचा – सावकाश, जरा उगाचच सावकाश. बाहेर ज्वारी पोटऱ्यात आलेली, कणसं फुटायच्या बेतात; आत त्याच्या स्वेटरला औषधांचा वास. मला तो वास आवडायला लागला, आता यापुढं काय सांगायचं?

डिसेंबरात करमाळ्याहून इंजिनिअर मुलाचं स्थळ आलं. "राजनंदिनी, मंगळवारपातूर होकार कळवायचा हाय," दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले. पार्थच्या तोंडून काहीतरी निघेल म्हणून मी रोज वाट पाहिली. तो आपला गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या लसीबद्दल बोलत राहिला.

मंगळवारी एसटीत चढले, तर सीटवर रुमाल नव्हता. तिथं एक आजीबाई बसल्या होत्या आणि पार्थ मागं उभा, बाहेर बघत.

मी मनातल्या फळ्यावर मांडणी केली. मी आवडत असेन, तर तो जागा धरेल. त्यानं जागा धरली नाही. म्हणून मी आवडत नाही. दोनदा तपासलं. पक्कं वैध. मग डोळ्यांत पाणी आलं.

अर्ध्या वाटेत तो पुढं आला. "अभिनंदन, मॅडम."

"कशाचं?"

"काल दुपारी तुमच्या म्हशीला बघायला आलो होतो. दादा म्हणाले, पोरीचं जमल्यात जमा हाय. मग... जमलेल्या मुलीची जागा धरणं बरं दिसत नाही. गाव बोलतं."

"म्हणून धरली नाहीत?"

"आवडता, म्हणून धरली नाही." तो कानापर्यंत लाल झाला.

माझी मांडणी चोख होती, पण पहिलंच विधान खोटं. ते खरं की खोटं, हे फळ्यावर कळणारच नव्हतं. त्याला विचारायला हवं होतं, आणि तो तर चार हातांवर उभा होता.

मी मोबाईल काढला. "दादा, त्या पावण्यांना नकार कळवा."

"का गं?"

"मला दुसरा मुलगा आवडतो. लई आवडतो. इथंच शेजारी उभा आहे."

आजीबाईंनी मान वळवून बघितलं. दादा म्हणाले, "कोन हाय? दे त्याच्याकडं."

पार्थनं मोबाईल दोन्ही हातांनी घेतला. "नमस्कार दादा, मी... डॉक्टर बोलतोय." पुढं तो नुसतं 'हो', 'हो' म्हणत राहिला. मग मोबाईल स्वेटरला पुसून त्यानं परत दिला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, सांजच्याला घरी या. आन् येताना पोरीला संगं घिऊन या."