उलट्या पुस्तकांची शिकार

"अरे, कपाट रिकामं!" लंबू ओरडला. सुट्टीतल्या ओसाड शाळेत त्याचाच आवाज परत आला. अरबी मंडळाची कालच आलेली नवी पुस्तकं गायब!

"पुस्तकं नाहीत, तर मंडळही नाही," दारातून मुख्याध्यापक म्हणाले. "नाहीतरी तुम्ही तिघंच. शिकवणाऱ्या बाईंना तसं कळवतो."

गप्पीचा चेहरा पडला. ती बोलायचीच नाही, म्हणून वर्गाने तिचं नाव गप्पी ठेवलेलं! बाबांच्या नोकरीपायी ती अरबी बोलणाऱ्या देशात वाढली. आता बाबा तिकडे आणि ती इकडे, आत्याकडे. लहानपणीच्या सगळ्या गमती तिला अरबीतच आठवायच्या, आणि त्या ऐकायला या मंडळाबाहेर कुणीही नव्हतं. तिला फार एकटं वाटलं.

"रडतेस काय! शोधू की!" चष्मिश म्हणाला. "किल्ली कुणाकडे असते?"

"कारकूनकाकांकडे!"

कारकूनकाका पंख्याखाली पेंगत होते. "ती पुस्तकं होय? सगळी सदोष! मुखपृष्ठ मागे, पहिलं पान शेवटी! छापखान्याने माती खाल्लीय. रद्दीत दिली. तो बघा टेम्पो!"

तिघं धूम पळाली. लंबू हात पसरून फाटकात उभा राहिला. टेम्पो करकचून थांबला!

"बाजूला हो!" काका धापा टाकत आले. गलका ऐकून मुख्याध्यापकही बाहेर आले.

"होईल की तो," चष्मिश साळसूदपणे म्हणाला. "फक्त 'पुस्तकं वाचून तपासली, सदोष आहेत' एवढं लिहून द्या."

"वाचून? मला कुठे अरबी येते!"

मुख्याध्यापकांच्या भुवया वर गेल्या. गप्पीने गठ्ठ्यातलं एक पुस्तक ओढलं, आणि काका ज्याला मागची बाजू म्हणत होते तिथूनच उघडलं. "सर, अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात. पुस्तक इथूनच सुरू होतं." आणि ती खणखणीत आवाजात वाचू लागली. अख्ख्या शाळेने तिचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता.

"माती कुणी खाल्ली ते कळलं!" लंबू पुटपुटला. काकांनी मान खाली घातली.

"शाबास, पोरांनो! चूक माझीही झाली, मी चौकशीच केली नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "मंडळ चालू राहील."

पुस्तकं कपाटात गेली. गप्पी मात्र एक हातात धरून बसली.

"मघाशी काय वाचलंस गं?" लंबूने विचारलं.

"एक मुलगी बंदरावर बाबांची वाट बघत असते."

"मग? येतात का ते?"

"माहीत नाही. पुढचं वाचलंच नाही."

लंबूने बाक ओढला. चष्मिशही टेकला.

"मग वाच की! आम्ही बसलोय."